बेळगावहून रेल्वेनं निघताय? मग या चुका टाळा

पंचवीस वर्षं झाली, मी बेळगाव-मिरज-पुणे आणि बेळगाव-लोंढा-मडगाव या दोन्ही अंगांनी रेल्वेनं हिंडतोय. आधी धंद्यापायी, आता लेक पुण्याला दिली म्हणून आणि आईला डोळे दाखवायला मिरजेला न्यावं लागतं म्हणून. एवढ्या वर्षांत रेल्वेनं दिला नसेल तेवढा त्रास लोकांनी स्वतःच ओढवून घेतलेला बघितलाय. त्यात माझाही नंबर लागतो. आणि नंतर हीच मंडळी चहाच्या टपरीवर सांगतात, "रेल्वेत काय राम नाही बघा."

राम आहे. बेळगावहून पुण्याला रात्री आडवं होऊन जाण्यासारखं सुख नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर बसपेक्षा रेल्वे केव्हाही बरी. उठता येतं, फिरता येतं, लघवीला ड्रायव्हरची मिनतवारी करावी लागत नाही. पण हे रूळ हायवेच्या कडेनं जात नाहीत आणि दोन राज्यांच्या भांडणाशीही त्यांना देणंघेणं नाही. ते आपल्या वाटेनं जातात. ती वाट माहीत नसताना केलेल्या या चुका.

मिरजेला वीस मिनिटांत गाडी बदलणे

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात आवडती चूक. अ‍ॅपवर दिसतं की आपली गाडी मिरजेला दहा वाजता पोचते आणि पुढची साडेदहाला सुटते. पोरं लगेच खूश. "बाबा, बघा की, अर्धा तास आहे!"

मीही असाच खूश झालो होतो. आई, बायको आणि मी पंढरपूरला निघालो होतो. बेळगाव ते मिरज एक तिकीट, मिरज ते पंढरपूर दुसरं, मध्ये पंचवीस मिनिटं. आई म्हणाली, "आधीच्या गाडीनं जाऊ की. मिरजेत बसू." मी म्हटलं, "आई, आता तो जमाना गेला." तो जमाना म्हणजे मीटरगेजचा, अरुंद रुळांचा. पुण्याकडचा मार्ग आधी ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला आणि आमचा झाला नव्वदच्या दशकात. मधली वीसेक वर्षं बेळगावची छोटी गाडी मिरजेत संपायची. पलीकडे पंढरपूर-कुर्डुवाडीला जाणारी बार्शी लाइटची नॅरोगेज होती, ती तर त्याहून छोटी. तीन मापांचे रूळ एकाच स्टेशनात. बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून त्या पिढीची माणसं हातात दोन तास ठेवून, दशम्या बांधून निघायची. आई त्या हिशेबानं बोलत होती, मी अ‍ॅपच्या हिशेबानं.

शेडबाळपर्यंत गाडी वेळेत. मी घड्याळ दाखवून आईला चिडवूनही झालं. मिरजेच्या अलीकडे गाडी उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. खिडकीतून ऊस दिसतो, उसात एक बगळा दिसतो, सिग्नल काही दिसत नाही. शेवटी गाडी हलली आणि रखडत फलाटाला लागली, तेव्हा पलीकडच्या फलाटावरून आमची पंढरपूरची गाडी निघाली होती. तिच्या शेवटच्या डब्यावरची ती पिवळी फुली मी अजून विसरलेलो नाही. जिना चढून जावं तर आईला चार पायऱ्यांनंतर दम लागतो. त्या दिवशी मिरजेच्या फलाटावर आम्ही पाच तास काढले. आई एक अक्षर बोलली नाही. तिनं फक्त पिशवीतून दशमी काढून माझ्या हातावर ठेवली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझा नियम असा: मिरजेत किंवा लोंढ्यात गाडी बदलायची तर मध्ये दीड तास, बरोबर म्हातारं माणूस असेल तर दोन. कुणी हसलं तर हसू दे. दुसरी सवय म्हणजे दोन्ही तिकिटं आरक्षित असतील तर ती आयआरसीटीसीवर एकमेकांना जोडून घेतो. २०१९ पासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा पोचून दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे कापून न घेता परत मिळतात. मात्र दोन्ही तिकिटांवर प्रवासी तेच हवेत, जोडणीचं स्टेशन तेच हवं, आणि पहिली गाडी पोचल्यापासून तीन तासांच्या आत परताव्याचा अर्ज टाकायला हवा. लोक काय करतात? आधी तासभर भांडतात, मग जेवतात, मग घरी फोन करून सगळी कहाणी सांगतात, आणि अर्ज आठवतो तेव्हा तीन तास उलटून गेलेले असतात. आधी अर्ज, मग भांडण.

आणि त्याहून सोपं: थेट गाडी असेल तर तीच घ्या, वेळ अडनिडी असली तरी. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया आहे, वास्को-निजामुद्दीन गोवा एक्स्प्रेस आहे, दादरकडून येणाऱ्या शरावती आणि चालुक्य आहेत. पहाटे तीनला उठणं हे फलाटावर पाच तास बसण्यापेक्षा बरं. माझं तरी हे मत आहे. माझ्या जावयाचं नाही.

स्टेशनच्या नावाला गाव समजणे

नावात "रोड" दिसलं की समजायचं, गाव इथं नाही. गावाकडे जाणारा रस्ता इथं आहे. इंग्रजांनी प्रामाणिकपणे पाटीवर लिहून ठेवलंय, आपण वाचत नाही. चिकोडी रोड म्हणजे चिकोडी नव्हे. गोकाक रोड म्हणजे गोकाक नव्हे.

आमच्याकडे लग्नाला येणारे एक पाहुणे साताऱ्याकडून निघाले. लग्न चिकोडीला. त्यांनी हुशारीनं चिकोडी रोडचं तिकीट काढलं आणि संध्याकाळी तिथं उतरले. फोन आला, "आम्ही पोचलो, कार्यालय कुठल्या बाजूला?" मी विचारलं, "तुम्हाला काय दिसतंय?" ते म्हणाले, "शेत." मग एका ओळखीच्या माणसाची जीप पाठवली, ती पोचायला तास गेला. तोवर सीमांतपूजन उरकलेलं. काकूंच्या शालूला पायापासून गुडघ्यापर्यंत लाल धूळ. पुढचे दोन दिवस त्या एकच वाक्य म्हणत होत्या, "चिकोडी लिहिलं होतं हो तिथं."

आता त्यांना तरी काय बोलायचं? सातारा स्टेशनसुद्धा शहरापासून लांब माहुलीला आहे, कऱ्हाडचं ओगलेवाडीला. तिथं त्यांना सवय आहे, म्हणून चुकत नाहीत. परक्या मुलखात मात्र पाटीवर विश्वास.

उपाय सोपा आहे. तिकीट काढायच्या आधी उतरायच्या गावातल्या माणसाला विचारा, "तुम्ही स्वतः कुठल्या स्टेशनवर उतरता?" गोकाकचा माणूस बहुतेक वेळा घटप्रभा सांगेल. निपाणीचा माणूस हसेल, कारण निपाणीला रेल्वेच नाही.

जिथं बस बरी तिथं रेल्वेचा हट्ट

रेल्वेचा भक्त असूनही सांगतो: बेळगावहून कोल्हापूरला बसनं जा. संकेश्वर, निपाणी, कागल, सरळ हायवे. रूळ मात्र घटप्रभा, रायबाग, कुडची करत मिरजेला जातात आणि तिथून कोल्हापूरकडे वळतात. धारवाडचंही तेच. रस्त्यानं कित्तूरवरून सरळ, रुळानं लोंढा-अळणावरचा वळसा. कित्तूरवरून थेट रेल्वेमार्ग मंजूर आहे, पण कागदावर धावणाऱ्या गाडीत बसता येत नाही.

कर्नाटकातल्या बायकांना तर २०२३ च्या जूनपासून राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीटच नाही. आमच्या शेजारच्या वहिनी निपाणीपर्यंत फुकट जातात आणि पुढं महाराष्ट्राची एसटी धरतात. त्यांना रेल्वेचं सुख सांगायला गेलो की त्या माझ्याकडे दयेनं बघतात.

पण एक दिवस असा येतो की हे सगळं उलटतं. सीमेवर काही पेटलं की पहिली बंद होते ती एसटी. २०२२ च्या डिसेंबरात झालं, २०२५ च्या फेब्रुवारीत झालं. तेव्हा रूळ चालू होते. म्हणून परीक्षा, ऑपरेशन, विमान असं काही अडलेलं काम असेल आणि वातावरण तापलेलं असेल तर रेल्वेचं तिकीट हाताशी ठेवा. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, शहरात रिक्षा सहज मिळेल असं धरून चालू नका.

वेटिंगवर चढणे

"चढू की, टीसीला बघू आत." हे वाक्य मी बेळगावच्या फलाटावर इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटलेत. मोबाइलवर काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. म्हणजे तुम्ही विनातिकीट. किमान अडीचशे रुपये दंड, वर भाडं, वर चारचौघांत शोभा. खिडकीवरचं वेटिंग तिकीट घेऊन जनरल डब्यात बसता येतं, स्लीपरमध्ये नाही.

बेळगावचं तिकीट, घटप्रभाला चढणे

सासुरवाडीहून परस्पर निघणाऱ्यांची ही खासियत. तुम्ही बेळगावला दिसला नाहीत की टीसी गैरहजर मांडतो आणि जागा आरएसीवाल्याला, म्हणजे अर्ध्या जागेवर बसलेल्याला, जाते. चढायचं स्टेशन आधी ऑनलाइन बदलता येतं, पैसे पडत नाहीत, दोन मिनिटांचं काम आहे. एकदा बदललं की मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क जातो, एवढं लक्षात ठेवा.

जनरल तिकीट मोबाइलवर काढताना

फलाटावर उभं राहून बटण दाबत बसू नका, अ‍ॅप ऐकत नाही. स्टेशनच्या हद्दीबाहेर असतानाच काढा, नाहीतर स्टेशनात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करा. दोनशे किलोमीटरच्या आतलं तिकीट असेल तर तीन तासांच्या हिशेबानं प्रवास सुरू करायचा असतो. सकाळी चहाबरोबर काढून दुपारी निघणाऱ्यांनी हे वाचावं. तिकीट अ‍ॅपमध्येच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. आणि पॅसेंजरचं तिकीट एक्स्प्रेसला चालत नाही, हे आजच्या काळातही सांगावं लागतं.

नावानं शोधणे

बेळगावचं बेळगावी झालं, हुबळीपुढं सिद्धारूढ स्वामी आले, कोल्हापूर स्टेशन छत्रपती शाहू महाराज टर्मिनस आहे. टाइप करून थकू नका, कोड टाका: बेळगाव बीजीएम, मिरज एमआरजे, लोंढा एलडी, कोल्हापूर केओपी, हुबळी यूबीएल. नावं बदलली तरी हे कोड तेच आहेत.

एकाच बाजूची बातमी वाचणे

मिरज मध्य रेल्वेचं, बेळगाव नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागाचं. पुण्याकडे रुळांच्या कामासाठी ब्लॉक असला तर त्याची बातमी पुण्याच्या पानावर येते, आणि तुम्ही बेळगावचं पान वाचून खुशाल असता. निघायच्या आदल्या रात्री आणि घरातून पाय काढताना, असं दोनदा १३९ ला किंवा रेल्वेच्या अ‍ॅपवर गाडीची खबर घ्या. पुणे-हुबळी वंदे भारत २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाली तीही आठवड्यातून तीन दिवस. "वंदे भारत आहे की" म्हणून वार न बघता स्टेशनवर आलेली माणसं मी बघितली आहेत.

दूधसागरसाठी दारात लटकणे

करू नका. कॅसलरॉकच्या खाली सदतीसास एक असा चढ आहे. वर येताना गाडीला मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं, उतरताना गाडी जपून, रांगत जाते. त्यामुळं बसल्या जागेवरून धबधबा भरपूर दिसतो. मध्येच उतरून रुळांवरून चालणाऱ्यांवर रेल्वे पोलीस कारवाई करतात, आणि केली की मला बरं वाटतं. पावसाळ्यात घाटात दरड आली की गोव्याच्या गाड्या रद्द होतात किंवा वळवल्या जातात. जुलैत गोव्यातून विमान-बिमान गाठायचं असेल तर एक दिवस आधी निघा. येताना पिशवीत बाटल्या आणायचा मोह आवरा. अबकारीवाले अशाच पिशव्या उघडतात.

गेट

शेवटची चूक खास बेळगावातल्या टिळकवाडीकरांची. स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून गाडीच्या आधी पंधरा मिनिटं निघायचं. दुसरं रेल्वे गेट पडलेलं असतं. लोंढ्याकडून येणारी जी गाडी जाऊ देण्यासाठी ते पडलेलं असतं, ती तुमचीच गाडी असते. मी एकदा माझाच डबा, एस-चार, गेटच्या दांडीमागं रिक्षात बसून जाताना बघितलाय. रिक्षावाला म्हणाला, "कुठं निघालासा मामा?" मी म्हटलं, "त्यात." पुढं तो गेट उघडल्यावर असा सुटला की गाडी सुटायच्या बेतात असताना मी जनरलच्या दारात पाय ठेवला आणि घटप्रभापर्यंत तिथंच उभा राहिलो, कुंद्याचा डबा छातीशी धरून. आता मी तासभर आधी निघतो.