मुलाच्या रागाचा भडका: घरी आणि शाळेत काय करावं, कोणत्या क्रमानं

तीन ते आठ वर्षांच्या मुलाला ‘शांत हो’ म्हणून काही होत नाही. शांत कसं व्हायचं, हेच त्याला अजून येत नसतं. स्वतःला आवरण्याचं काम मुख्यतः मेंदूचा पुढचा भाग करतो आणि त्याची वाढ पंचविशीपर्यंत चालते. तोवर मूल शेजारच्या मोठ्या माणसाच्या शांतपणावर सावरतं. खालचा क्रम म्हणूनच आधी मोठ्यांसाठी आहे, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम राग नसतानाच उरकायचं आहे.

१. आठवडाभर नोंद ठेवा

साध्या वहीत तीन रकाने आखा: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, आणि शेवटी मुलाला काय मिळालं. सात दिवस रोज दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. ‘विनाकारण चिडते’ ही तक्रार बहुतेकदा इथेच निकालात निघते, कारण वेळा ठरलेल्या दिसतात: शाळेच्या व्हॅनमधून उतरल्यावर, मोबाइल बंद करताना, पाहुणे आले की, झोपेच्या आधी.

तिसरा रकाना लिहायला अवघड जातो, पण खरा उपयोग त्याचाच. दहा मिनिटं रडल्यावर मोबाइल हातात पडत असेल तर मूल एवढंच शिकतं की दहा मिनिटं रडावं लागतं. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ही सवय आणखी घट्ट बसते.

२. आधी पोट, झोप आणि ऊन पाहा

नोंदीतले बरेच भडके इथेच कमी होतात. शाळेतून आल्यावर पहिली पंधरा मिनिटं ‘आज काय शिकवलं?’ विचारू नका. पाणी द्या, मुरमुऱ्याचा चिवडा, केळं किंवा संत्रं पुढे ठेवा आणि कपडे बदलू द्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते, सहा वर्षांपुढे ९ ते १२ तास. रात्री साडेदहाला झोपून सकाळी सहाला उठणारं मूल चिडकं नसतं, त्याची झोप अपुरी असते.

नागपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना भावंडं दुपारभर कूलरच्या एकाच खोलीत कोंडलेली असतात आणि चारच्या सुमारास मारामारी ठरलेली. सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळल्यावर त्यांना बाहेर पळू द्या, आणि दुपारी तासभर तरी दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यात वेगवेगळा उद्योग द्या. एकत्र खेळलंच पाहिजे असा आग्रह त्या तासापुरता सोडा.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. सुट्टीत सरकलेली झोपेची वेळ त्याआधीच्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटांनी लवकर करत आणा. पहिल्या दिवशी नजर चुकवून निघून जाऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी मूल हात सोडणारच नाही. निरोप अर्ध्या मिनिटाचा ठेवा, आणि घड्याळाऐवजी प्रसंग सांगा: ‘डबा खाल्ला, गाणं झालं, की मी फाटकापाशी.’ सांगितलं तर तिथं असा.

३. शब्द आणि श्वास, दोन्ही शांत वेळी शिकवा

लहान मुलाच्या तोंडी प्रत्येक त्रासाला एकच नाव असतं, राग. तीन-चार वर्षांपर्यंत राग, भीती, दुःख, आनंद एवढे चार शब्द वापरात आणा. सहाव्या वर्षापर्यंत हिरमोड, हेवा, लाज, कंटाळा यांची भर घाला. पाठांतर नको. जेवताना स्वतःबद्दल एक वाक्य बोला: ‘आज बस चुकली, माझा हिरमोड झाला.’ गोष्ट सांगताना मध्येच थांबून विचारा, ‘सशाला आता काय वाटत असेल?’ दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे मुलांना साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी उमगू लागतं. त्याआधी ‘तुला असं कोणी केलं तर?’ हा प्रश्न बहुतेक वाया जातो.

श्वासासाठी लहानांना फुंकर पुरते: गरम उपम्यावर घालतात तशी, लांब आणि हळू. सहा वर्षांपुढे तीन मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांब हवं, त्यानंच धडधड मंदावते. रात्री अंथरुणावर पाच वेळा, दोन आठवडे सराव करा. भर रागात पहिल्यांदाच ‘दीर्घ श्वास घे’ म्हटलं तर ते मुलाला दटावल्यासारखंच ऐकू येतं.

याखेरीज रोज दहा मिनिटं मुलाच्या मर्जीचा खेळ. मोबाइल दुसऱ्या खोलीत, सूचना नाहीत, प्रश्न नाहीत. त्या दिवशी मूल वाईट वागलं म्हणून ही दहा मिनिटं कापायची नाहीत.

४. भडका उडाला की

अ) जवळचे स्टीलचे पेले, कात्री, दगड बाजूला करा. इतर मुलांना दुसरीकडे न्या.

आ) जो मोठा आधी पोहोचला तोच बोलेल, बाकीचे खोलीबाहेर. एकत्र कुटुंबात सगळं बिघडतं ते इथेच. आई नाही म्हणते, आजी चॉकलेट आणते, बाबा आतून ओरडतात आणि काकू ‘काहून रडून राहिला बापा?’ विचारत येते. हा नियम आजी-आजोबांशी आधी, चहाच्या वेळी बोलून ठरवा. मुलासमोर त्यांना अडवू नका.

इ) खाली बसा, हातभर अंतर ठेवा. उभं राहून बोललेलं मुलाला धमकीसारखं वाटतं.

ई) एकच छोटं वाक्य, एकदाच: ‘तुला राग येऊन राहिला. खेळ बंद झाला म्हणून.’ मग गप्प. ‘का?’ विचारू नका. त्या क्षणी त्याचं उत्तर त्यालाही माहीत नसतं.

उ) हात उचलला तर तो हळू पण पक्का धरा. ‘मारायचं नाही. मी हात धरून ठेवते.’ तुम्हीच चापट मारलीत तर तुमच्या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

ऊ) थांबा. नकार कायम राहिला की रडणं आधी वाढतं, मग उतरतं. ते वाढलं की उपाय फसला असं वाटून बहुतेक जण याच टप्प्यावर माघार घेतात. खरं तर तिथून पुढे तीन-चार मिनिटं टिकणं हेच सगळ्यात कठीण काम.

नागपुरातल्या सीताबर्डी बाजाराच्या गर्दीत किंवा लग्नाच्या हॉलमध्ये हे सगळं जमत नाही. तिथं एकच करा: मुलाला उचलून गर्दीबाहेर न्या. बघ्यांना खुलासा देत बसू नका.

मोबाइल बंद करतानाचा भडका वेगळा, कारण तो आधीच टाळता येतो. पाच मिनिटं आधी सांगा, एक मिनिट आधी सांगा, आणि बटण मुलालाच दाबू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसल्या जागी स्क्रीन दिवसाला एक तासाहून जास्त नको. पण तासांपेक्षाही रडू थांबवायला मोबाइल देण्याची सवय जास्त नुकसान करते. आवरण्याचा सराव होण्याची वेळ तीच असते आणि तीच हिरावली जाते.

५. नंतरची तीन मिनिटं

मूल पुन्हा खेळायला लागल्यावर, साधारण अर्ध्या तासानं, तीन प्रश्न: काय झालं? तुला काय हवं होतं? पुढच्या वेळी काय करशील? तिसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊन सोडू नका, दोघं मिळून ते करून पाहा. ‘दे ना!’ म्हणत खेचण्याऐवजी हात पुढे करून ‘तुझं झालं की मला दे’ म्हणायचं, असं दोन वेळा.

जबरदस्तीचं ‘सॉरी’ टाळा. वही फाडली असेल तर चिकटपट्टी लावून द्यायची, ताईचा मनोरा पाडला असेल तर तिच्यासोबत उभा करायचा. लेक्चर देऊ नका.

६. शाळेशी जुळवून घ्या

घरी एक आणि वर्गात दुसरं असेल तर मूल दोन्हीकडे नव्यानं तपासून पाहतं. शिक्षकांना ‘कसा वागतो?’ विचारलं की ‘मस्ती करतो’ एवढंच कळतं. त्याऐवजी विचारा: ‘मॅडम, हे होण्याआधी काय चाललेलं असतं?’ तुमचं ठरलेलं वाक्य त्यांना सांगा, त्यांचं घरी वापरा. हे बोलणं मुलासमोर नको.

चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी बोलणं शक्य नाही. हजेरीच्या वेळी मुलांनी छातीजवळ एक ते पाच बोटं दाखवावीत, पाच म्हणजे मस्त. दोन मिनिटं लागतात, आणि एकच बोट दाखवणाऱ्याकडे नंतर दोन शब्दांसाठी जाता येतं.

वर्गात ‘शांत कोपरा’ करायचा तर एक चटई, तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ, चेहऱ्यांची चित्रं आणि एखादी मऊ वस्तू एवढंच ठेवा. तो दोन प्रकारे फसतो. ‘जा, कोपऱ्यात बस’ म्हटलं की ती शिक्षा होते. आणि गणित आलं की मूल तिकडे पळू लागलं तर ती पळवाट. म्हणून परतल्यावर तेच काम द्यायचं, पण दहाऐवजी तीनच उदाहरणं. राज्यातल्या पहिली ते आठवीच्या ‘आनंददायी शनिवार’ची (अभ्यासाऐवजी उपक्रमांच्या शनिवारची) वेळ या सरावाला चांगली. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना शिक्षणहक्क कायदा २००९च्या कलम १७ नुसार मनाई आहे, वर्गासमोर अपमानही त्यातच धरावा.

७. सणाचा सराव: तान्हा पोळा

आपल्याकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन मुलं दारोदार जातात, त्यात थांबणं, बोलणं, हरणं सगळं येतं. आदल्या संध्याकाळी घरातच तालीम करा: बेल वाजवायची, वाट बघायची, नाव सांगायचं, बोजारा (घरोघरी मिळणारी भेट) घेतला की ‘थँक्यू काकू’. चार वर्षांच्या मुलाला ओळखीची पाच घरं पुरे. स्पर्धेला जाणार असाल तर बक्षीस न मिळाल्यास काय म्हणायचं तेही ठरवा. शेजारच्याचा बैल मोठा म्हणून रुसवा आला तर रात्री धावत जाऊन मोठा बैल आणू नका, हिरमोड सोसायचा सराव इतक्या स्वस्तात पुन्हा मिळत नाही. त्याच दिवशी नागपुरात निघणारी मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक मात्र तीन-चार वर्षांच्या भित्र्या मुलाला लांबूनच दाखवा. ढोल, गर्दी आणि एवढा मोठा पुतळा एकदम अंगावर आला की त्याला झेपत नाही.

८. डॉक्टरांकडे कधी

पाच वर्षांनंतरही रोज अनेकदा भडके, एकेक अर्ध्या तासाहून लांब. स्वतःचं डोकं आपटणं, चावणं. आधी बोलता येणारे शब्द बोलेनासं होणं. नावानं हाक मारली तरी न बघणं. कित्येक आठवडे शाळेला ठाम नकार, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. आधी बालरोगतज्ज्ञ. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागातही दाखवता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत मोफत तपासणी असते, ती अंगणवाडी किंवा शाळेमार्फत होते. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी १४४१६, मोफत आणि दिवसरात्र. मुलाला कोणी मारतंय किंवा त्रास देतंय अशी शंका असेल तर मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

जाताना आठवडाभराची ती वही आणि जमलं तर एखाद्या भडक्याचा मिनिटभराचा व्हिडिओ सोबत ठेवा. दवाखान्यात मूल बहुधा शहाण्यासारखं बसतं.