मेमरी कार्डावरील चिन्हे वाचून योग्य कार्ड कसे निवडावे

मेमरी कार्डाच्या पाकिटावर सर्वांत ठळक छापलेला आकडा, म्हणजे ‘१५० एमबी प्रति सेकंद’ वगैरे, हा बहुधा कार्डावरून माहिती वाचण्याचा कमाल वेग असतो, आणि निवड करताना त्याचाच उपयोग सर्वांत कमी होतो. कॅमेरा, ड्रोन किंवा गाडीतील डॅशकॅम यांना गरज असते ती सलग लिहिण्याच्या किमान वेगाची, आणि त्याची हमी कार्डाच्या कोपऱ्यातील बारीक चिन्हांत दिलेली असते.

सुरुवात कार्डापासून न करता उपकरणापासून करावी. माहितीपुस्तिकेत कार्डाचा प्रकार, कमाल क्षमता आणि आवश्यक वेगवर्ग (किमान लेखनवेगाची श्रेणी) या तीन गोष्टी शोधून लिहून ठेवाव्यात. आकार आज मुख्यतः दोनच उरले आहेत: ३२ × २४ मिलिमीटरचे एसडी आणि १५ × ११ मिलिमीटरचे मायक्रोएसडी. मायक्रोएसडी कार्ड अडॅप्टरमध्ये घालून एसडीच्या खाचेत चालते. उलट मात्र शक्य नाही.

त्यानंतर क्षमतेचा गट पाहावा. साधे एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी त्यापुढे ३२ जीबीपर्यंत, एसडीएक्ससी त्यापुढे २ टीबीपर्यंत आणि एसडीयूसी १२८ टीबीपर्यंत, अशी ही विभागणी आहे. नवे उपकरण जुन्या गटातील कार्ड सहसा स्वीकारते. पण ज्या जुन्या कॅमेऱ्यावर फक्त एसडीएचसी लिहिले आहे, त्यात ६४ जीबीचे कार्ड चालेलच असे धरून चालू नये. एसडीएचसी कार्डे फॅट३२ या फाइल मांडण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात आणि त्या पद्धतीत एकच फाइल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही, त्यामुळे लांब चित्रीकरणाचे तुकडे पडलेले दिसतात. एसडीएक्ससीमधील एक्सफॅट या पद्धतीला ही अडचण येत नाही.

आता वेगाकडे वळू. हमी एकच असली तरी चिन्हांच्या तीन पिढ्या एकाच कार्डावर शेजारी शेजारी छापलेल्या असतात, आणि गोंधळ होतो तो इथेच. इंग्रजी सी अक्षराच्या आत १० असेल, यू अक्षराच्या आत १ असेल किंवा व्ही १० लिहिले असेल, तर तिन्हींचा अर्थ सेकंदाला किमान १० एमबी लेखन असाच आहे. यू अक्षरातील ३ आणि व्ही ३० यांचा अर्थ किमान ३० एमबी. व्ही ६० आणि व्ही ९० यांचे अर्थ त्यांच्या आकड्यांतच आहेत.

आपल्याला यांपैकी कोणता वर्ग लागेल, हे साध्या भागाकाराने काढता येते. कॅमेऱ्याच्या माहितीत चित्रीकरणाचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला तयार होणारी माहिती, मेगाबिटमध्ये दिलेला असतो. त्याला ८ ने भागले की मेगाबाइट मिळतात. समजा, ४के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने होते. म्हणजे कार्डावर दर सेकंदाला १२.५ एमबी लिहिले जाणार. १० एमबीची हमी देणारे कार्ड येथे अपुरे पडते आणि चित्रीकरण मध्येच थांबू शकते; व्ही ३० मात्र निश्चिंतपणे पुरते. याच हिशेबाने तासाभराला ४५ जीबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात जेमतेम ८५ मिनिटे मावतात. व्ही ९० साठी जादा पैसे मोजण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा. घरगुती चित्रीकरण करणाऱ्या बहुतेकांना त्याची गरज नसते, असे माझे मत आहे.

कार्डावर सुटा रोमन एक किंवा दोन दिसतो, तो यूएचएस या जोडणीचा प्रकार सांगतो. पहिल्या प्रकाराची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे, तर दुसऱ्याची ३१२ एमबी. दुसऱ्या प्रकारच्या कार्डाच्या पाठीवर सोनेरी संपर्कपट्ट्यांची आणखी एक ओळ असते. कार्ड उलटे केले की ती लगेच ओळखू येते. ही ओळ वाचू न शकणाऱ्या उपकरणात असे कार्ड चालते, पण पहिल्या प्रकाराच्याच वेगाने. पहिल्या प्रकाराच्या कार्डावर १०४ हून मोठा आकडा छापलेला असेल, तर तो वेग सहसा त्याच कंपनीच्या खास रीडरमध्ये मिळतो.

मोबाइलमध्ये कार्डावर ॲप ठेवायची असतील, तर ए १ किंवा ए २ हे चिन्ह पाहावे. ॲपना लांबलचक फाइल सलग लिहिण्यापेक्षा असंख्य लहान नोंदी भराभर वाचाव्या-लिहाव्या लागतात. ए १ मध्ये सेकंदाला किमान १५०० वाचने आणि ५०० लेखने यांची हमी असते, तर ए २ मध्ये ४००० आणि २००० यांची. मात्र ए २ चा पूर्ण लाभ उपकरणाची साथ असेल तरच मिळतो. डॅशकॅम किंवा सीसीटीव्हीसारख्या अखंड चित्रीकरणासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड घ्यावे, कारण सतत पुसून पुन्हा लिहिण्याने साधे कार्ड लवकर झिजते.

कार्ड घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, त्याची चाचणी घ्यावी. ६४ जीबीचे कार्ड विंडोजवर सुमारे ५९.६ जीबी दाखवते. ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतींतील फरक आहे. बनावट कार्ड मात्र संगणकाला पूर्ण क्षमता दाखवते आणि खरी जागा संपल्यानंतरच्या फाइल मुकाट्याने खराब करते. त्यामुळे नुसता आकडा पाहून भागत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, तर लिनक्स आणि मॅकवर एफ३ हे मोफत प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतात. यात बराच वेळ जातो, तेवढा जाऊ द्यावा. चाचणीत चूक आढळली तर कार्ड परत करावे. निर्दोष ठरले तर ते ज्या उपकरणात वापरायचे आहे, त्याच उपकरणात फॉरमॅट करून घ्यावे.