इंग्लंडच्या शेतात डिटेक्टर नेण्याआधी

सगळ्यात आधी जमीन कोणाची आहे ते शोधा, डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू हेरणारं यंत्र, त्यानंतर विकत घ्या. इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मुलं शेतात जुन्या वस्तू शोधण्याबद्दल विचारतात तेव्हा मी हाच क्रम सांगते. यंत्र दोन दिवसांत घरपोच येतं, परवानगीला महिने लागू शकतात, आणि यंत्र हातात आलं की माणसाला धीर धरवत नाही. गावाबाहेरच्या शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर चालायचा हक्क इथे सगळ्यांना आहे. त्या हक्कात यंत्र फिरवणं येत नाही, खुरपं मारणं तर नाहीच. सार्वजनिक बागेचंही तेच. सरे परगण्यातल्या फार्नमच्या एका बागेत कुणाला यंत्राने मध्ययुगीन सोन्याचा ब्रोच, म्हणजे कपड्याला लावायची शोभेची पिन, सापडला होता. १९९५ साली अपील न्यायालयाने तो बागेची मालक असलेल्या स्थानिक कौन्सिलचा ठरवला. लोकांना तिथे फिरायची, खेळायची मुभा होती, जमीन खणायची नव्हती. मातीत रुतलेली वस्तू मातीच्या मालकाची, हे मनात पक्कं बसवा.

मालकाचं नाव लँड रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर थोडे पैसे भरून मिळतं. आपल्या सातबाऱ्यासारखाच तो उतारा, पण सगळी जमीन तिथे नोंदलेली नाही आणि शेत कसणारं कूळ त्यात दिसेलच असंही नाही. म्हणून मालक आणि कूळ, दोघांचीही परवानगी घ्या. माझ्या पहिल्या हंगामात मी फक्त कसणाऱ्याला विचारून निर्धास्त झाले होते. जमीन निघाली एका ट्रस्टची. दुपारी त्यांच्या व्यवस्थापकाने मला शेतातून बाहेर काढलं आणि पिशवीतली दोन गंजलेली बकलं तिथेच ठेवून घेतली. तो बरोबर होता. परवानगी लेखी असावी. त्यात शेतांचा नकाशा, मुदत, सापडलेल्या साध्या वस्तू कोणाच्या आणि बक्षीस मिळालंच तर वाटणी कशी, हे सगळं दोघांच्या सह्यांनिशी असू दे. वस्तू मोलाची निघाली की तोंडी बोलणं प्रत्येकाला वेगवेगळं आठवतं. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगसारख्या संघटनेचं सभासदत्व घ्या. त्यासोबत तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा मिळतो आणि शेतकरी बहुतेक वेळा तोच आधी विचारतो.

परवानगी मिळाली तरी त्या शेतात संरक्षित स्मारक येतं का, हे ‘नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड’च्या नकाशावर पाहून घ्या. १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार अशा जागी हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या लेखी संमतीवाचून डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे, काही सापडो वा न सापडो. पुष्कळदा वर नुसतं गवत असतं आणि खाली रोमन वाडा. दगडी भिंत दिसत नाही म्हणून जागा मोकळी आहे असं धरून चालू नका. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या जमिनी सोडूनच द्या, हौशी शोधाला तिथे परवानगी मिळत नाही.

आता ‘खजिना’ म्हणजे काय ते. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच शब्दाचा होतो. आपल्या मनात गुप्तधन म्हटलं की मोहरांचा हंडा येतो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठी १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट आहे आणि त्याची व्याख्या अगदी नेमकी आहे. नाण्याव्यतिरिक्तची वस्तू ३०० वर्षांहून जुनी असेल आणि तिच्यात वजनाने किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असेल, तर तो खजिना. एकटं नाणं सहसा त्यात येत नाही. एकाच ठेव्यातली तेवढीच जुनी दोन सोन्या-चांदीची नाणी मात्र येतात, कमी मोलाच्या धातूची असतील तर दहा लागतात. त्यांच्यासोबत मिळालेलं मडकंसुद्धा खजिन्यातच धरलं जातं. २०१० साली कंब्रियात क्रॉस्बी गॅरेटजवळ रोमन घोडेस्वाराचं मुखवट्यासह शिरस्त्राण सापडलं. ते तांब्याच्या मिश्रधातूचं आणि एकटंच असल्याने व्याख्येत बसलं नाही, लिलावात सुमारे २३ लाख पौंडांना खासगी ग्राहकाकडे गेलं आणि कार्लाइलच्या संग्रहालयाला ते घेता आलं नाही. अशा वस्तू निसटू नयेत म्हणून ३० जुलै २०२३ पासून आणखी एक प्रकार जोडला गेला: २०० वर्षांहून जुनी, धातूचा अंश असलेली आणि इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची वस्तू. म्हणजे ‘सोनं नाही, मग काय सांगायचं’ हा हिशेब आता चुकू शकतो.

खजिना सापडला, किंवा तो खजिना असावा असं लक्षात आलं, की १४ दिवसांत त्या भागाच्या कॉरोनरला कळवणं बंधनकारक आहे. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. मुंबईतही हे पद पूर्वी होतं. प्रत्यक्षात वस्तू न्यायची ती जिल्ह्याच्या ‘फाइंड्स लायझन ऑफिसर’कडे. ही माणसं ब्रिटिश म्युझियमच्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये काम करतात आणि खजिन्यात न बसणाऱ्या वस्तूसुद्धा मनापासून नोंदवून घेतात. त्यांचं नाव आणि फोन शेतात उतरण्याआधीच वहीत लिहून ठेवा. वस्तू दिली की पावती घ्या. एखाद्या संग्रहालयाला ती हवी असेल तर तज्ज्ञांची समिती किंमत ठरवते आणि ती रक्कम बक्षीस म्हणून साधारणपणे शोधणारा आणि जमिनीचा मालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. वर्ष-दोन वर्षं सहज जातात. परवानगीशिवाय घुसलेल्याला त्यातलं काहीही न मिळण्याची शक्यता असते.

न कळवल्यास ट्रेझर अ‍ॅक्टखाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आकडा लहान वाटतो, पण लपवून विकायला गेलात की चोरीचे कायदे लागू होतात. २०१५ साली हेरफर्डशरमध्ये लेमस्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा मिळाला: सोन्याचे दागिने, चांदीची कांडी आणि अंदाजे ३०० नाणी. त्यांनी मालकाला विचारलं नव्हतं, कॉरोनरलाही कळवलं नाही, नाणी परस्पर विकायला काढली. २०१९ मध्ये एकाला १० आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली, पण नाणी परत आली ती तीसेकच. मला खरी हळहळ त्या उरलेल्या नाण्यांची वाटते. त्या ठेव्यातल्या काही नाण्यांवर दोन सम्राट शेजारी-शेजारी बसलेले आहेत. ती वेसेक्स आणि मर्सिया या इंग्लंडमधल्या जुन्या राज्यांच्या राजांच्या, म्हणजे वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा चेओलवुल्फ या दोघांच्याही नावाने पाडलेली आहेत. वेसेक्सच्या बखरीने चेओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातातलं बाहुलं म्हणून मोडीत काढलं होतं. हे दोघे बरोबरीचे मित्रराजे होते, हे सांगणारा पुरावा त्या मातीत होता आणि त्यातला बराचसा गेला.

याच्या उलट उदाहरण सफोकमधल्या हॉक्सन गावाचं. नोव्हेंबर १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला, म्हणून त्याने यंत्र असलेल्या मित्राला बोलावलं. यंत्र वाजलं तिथे रोमन सोनं-चांदी निघायला लागली. तो माणूस थांबला. थोडं काढल्यावर उरलेलं जमिनीतच ठेवून त्याने कळवलं आणि दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ते नीट उकरलं. जवळपास १५,००० नाणी, चमचे, दागिने तर मिळालेच, शिवाय हे सगळं एका लाकडी पेटीत, आत लहान डब्यांत कसं लावून ठेवलं होतं तेही कळलं. घाईने उपसलं असतं तर हा भाग कायमचा पुसला गेला असता. ठेव्याची किंमत १७.५ लाख पौंड ठरली. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

म्हणून पिशवीत काय असावं यापेक्षा कुठे थांबायचं हे आधी ठरवा. नांगरट पोचते तेवढ्याच थरात खणा. त्याखाली न हललेली माती लागली आणि यंत्र अजून वाजतंय, तर हात काढून घ्या आणि फोन लावा. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, वर ती सापडलेल्या जागेचा, ऑर्डनन्स सर्व्हेच्या सरकारी नकाशांवरचा किमान ८ अंकी ग्रिड क्रमांक. वस्तू घासू नका. देवघरातली भांडी चिंचेने लख्ख करायचा आपला हात अशा वेळी आवरायला हवा, कारण वस्तूवरच्या काळ्या थराखालचं नक्षीकाम घासण्याने जातं. हाड दिसलं आणि ते माणसाचं वाटलं तर काम बंद करून पोलिसांना कळवा. दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब आणि तोफगोळे इथल्या शेतांत अजून निघतात. गंजलेला दंडगोल दिसला तर हलवू नका, दूर व्हा आणि ९९९ फिरवा. धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

लंडनमध्ये राहणाऱ्यांना थेम्सचा मोह होतो. टेडिंग्टनपासून थेम्स बॅरियरपर्यंतच्या किनाऱ्यावर नुसत्या नजरेने शोधायलाही पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो आणि त्यासाठीची रांग लांब असते. साध्या परवान्यावर साडेसात सेंटिमीटरपेक्षा खोल खणता येत नाही. भरतीला पाणी सात मीटरपर्यंत चढतं, तेव्हा वेळापत्रक पाहून परतीचा जिना जवळ ठेवा. पाण्यात सांडपाणी असतं. मुंबईच्या पावसाळ्यातला लेप्टो आठवा आणि हातमोजे घाला.

हे सगळे नियम सरहद्द ओलांडली की बदलतात. स्कॉटलंडमध्ये मातीतून निघालेली प्रत्येक पुरातन वस्तू राजसत्तेची, धातू कोणताही असो, आणि बक्षिसात जमीनमालकाचा वाटा नाही. उत्तर आयर्लंडमध्ये पुरातन वस्तूंसाठी खणायलाच परवाना लागतो. आयर्लंड प्रजासत्ताक आणि फ्रान्समध्ये सरकारी परवानगीशिवाय पुरातन वस्तूंसाठी डिटेक्टर वापरणं बेकायदा आहे. सुट्टीत गाडीच्या डिकीत यंत्र टाकून इंग्लिश खाडी ओलांडू नका.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे, जी इथल्या क्लबात कुणी सांगणार नाही, कारण त्यांना तिची गरज पडत नाही. परदेशी नागरिकाला १२ महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर २००७ च्या कायद्याने हद्दपारीची कारवाई होते. त्याहून लहान गुन्हाही व्हिसाच्या पुढच्या अर्जात लिहावा लागतो. पर्यटक व्हिसावर असाल तर सापडलेलं विकून कमाई करायचा विचारही नको. आणि जे कायदेशीरपणे तुमचं झालं, तेही तसंच भारतात आणू नका. ब्रिटनच्या मातीतून निघालेली ५० वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला, किंमत कितीही कमी असली तरी, निर्यात परवाना लागतो.

हंगाम कापणीनंतरचा, पेरणीच्या आधीचा. पहिल्या दिवशी मालकाच्या दारावर जाऊन ‘आलो’ म्हणून सांगा, खणलेला प्रत्येक खड्डा गवताच्या ढेकळासकट बुजवा, पत्र्याचे तुकडे आणि खिळे आपल्याच पिशवीत घाला, संध्याकाळी जे मिळालं ते सगळं त्याला दाखवा. फाटक उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावलेलं ठेवा.