सर्पेंटिनाइटवर काम सुरू करताय? लँथेनमच्या आधी नायोबियम बघा

डेक्कनच्या बेसाल्टवर हात बसलेली आपली मुलं सर्पेंटिनाइटसाठी (पृथ्वीच्या कवचाखालच्या मँटलच्या खडकात पाणी मुरून बनलेला खडक) लडाखच्या निडार ऑफिओलाइटकडे, म्हणजे जमिनीवर चढलेल्या सागरतळाच्या तुकड्याकडे, किंवा अंदमानकडे वळली की आधी आकडेच घाबरवतात. रेअर अर्थ मूलद्रव्यं (लँथेनम आणि त्याच्या गटातली) इथे पीपीबीत, म्हणजे अब्जात किती भाग अशी, मोजावी लागतात. लॅबची डिटेक्शन लिमिट, म्हणजे कमीत कमी किती मोजता येतं ते, विचारल्याशिवाय नमुने पाठवू नका. टंगस्टन कार्बाइडच्या मिलमध्ये तर दळूच नका, टँटलम आणि कोबाल्ट वाढून येतात. खडकात १२-१३ टक्के पाणी असतं, म्हणून ऑक्साइडचे टक्के निर्जल धरून पुन्हा काढा. एवढं सगळ्यांना जमतं.

खरी अडचण पुढे येते. हलकी रेअर अर्थ (लँथेनमसारखी) वाढलेली दिसली की ‘खाली जाणाऱ्या प्लेटमधून पाणीदार द्रव आला, म्हणजे सबडक्शन’ असं लिहायचा मोह होतो. माझे कित्येक महिने यातच गेले. मध्यसागरी पर्वतरांगेखाली पेरिडोटाइटमधून (मँटलचा मूळ खडक) वितळलेला रस झिरपतो, तेव्हाही लँथेनम वाढतं, आणि तेही पाणी मुरून सर्पेंटाइन हे खनिज तयार होण्याआधी. फरक असा की रस नायोबियम, झिरकोनियमही सोबत आणतो. पाण्याला ते फारसं नेता येत नाही. म्हणून लँथेनम-नायोबियमचा आलेख काढा. दोन्ही एका रेषेत चढत असतील, तर ती खूण रसाची. नायोबियम जागेवर आणि सीझियम, अँटिमनी, शिसं तेवढं चढलेलं, तर द्रवाचा विचार करा. एकटं युरेनियम उंच असेल तर आधी समुद्राचं पाणी आठवा.

अल्युमिना-सिलिका गुणोत्तर ०.०३ च्या खाली म्हणजे फोरआर्क (सबडक्शनच्या खंदक आणि ज्वालामुखींमधला पट्टा), हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. पश्चिम प्रशांतातल्या मारियाना फोरआर्कच्या सर्पेंटाइन चिखलज्वालामुखींतून आलेल्या तुकड्यांना तो लागू पडतो. पण २००३ मध्ये सागरतळ खोदणाऱ्या ओडीपी प्रकल्पाच्या लेग २०९ या मोहिमेने अटलांटिकाच्या मध्यसागरी रांगेवर १५°२०′ उत्तरेजवळ खोदलं, तिथलेही काही पेरिडोटाइट तितकेच निःसत्त्व (रस निघून गेलेले) निघाले. आकृतीतल्या चौकटी खडकाला ठाऊक नसतात.

गाइड निवडताना शोधनिबंध मोजू नका. तुमच्यासोबत मायक्रोस्कोपला बसून कोणती शीर कोणत्या शिरेला कापते यावर वाद घालणारा माणूस शोधा. कार्बोनेटची एक शीर नमुन्यात आली तरी स्ट्रॉन्शियमचा अर्थ बदलतो.

नमुने थोडे आहेत म्हणून खचू नका. नीट वर्णन केलेले मोजके नमुने पुरतात. इलेक्ट्रॉन प्रोबवर (खनिजाच्या कणाचं रसायन मोजणारं यंत्र) वेळ मिळाला की आधी स्पिनेल या खनिजाचा गाभा मोजा. मूळ मँटलची खूण तिथे टिकते, कडेला बहुधा मॅग्नेटाइट झालेलं असतं.