ब्रसेल्स स्प्राउट्स: तोडायचे कसे, भाजायचे कसे

ब्रसेल्स स्प्राउट्सना (एका उभ्या बुंध्यावर येणारे छोट्या कोबीसारखे गड्डे) थंड हवा लागते आणि माळ्याकडे धीर लागतो. रोप लावल्यापासून तीन-चार महिने सहज जातात. माती भुसभुशीत ठेवू नका, बुंध्याशी चांगली दाबून घ्या. रोप हललं की गड्डे सैल, उमललेले येतात.

गड्डे खालून वर तयार होतात, म्हणून तोडणीही खालूनच. साधारण अडीच-तीन सेंटीमीटरचा, बोटांनी दाबल्यावर टणक लागणारा गड्डा पिळून काढायचा. खालची पिवळी पानं काढत राहा. सगळे एकदम हवे असतील तर तोडणीच्या तीन-चार आठवडे आधी शेंडा खुडा. हलकं दहिवर (गोठलेलं दव) पडू द्या, गोडी वाढते.

आता या भाजीचा उग्र वास, ज्याची तक्रार होते. तो भाजीचा दोष नाही, जास्त उकडण्याचा आहे; बराच वेळ शिजल्यावर गंधकयुक्त वास सुटतो. त्यामुळे उकडूच नका, असं माझं स्पष्ट मत. उभे दोन भाग करा, धुऊन अगदी कोरडे पुसा (ओले राहिले तर भाजण्याऐवजी वाफवले जातात), तेल-मीठ चोळा आणि कापलेली बाजू खाली ठेवून ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला २०-२५ मिनिटं भाजा. सुटी झालेली पानंही ट्रेमध्येच टाका, तीच सर्वांत कुरकुरीत होतात. लिंबू शेवटी पिळा.