छोटा हत्ती उघडण्याआधी

जुनी टाटा एस, म्हणजे मालवाहू छोटा हत्ती, दारात येऊन उभी राहिली की ती खोलून नवी करायला हात शिवशिवतात. पाना राहू द्या, आधी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, काढा. चासी (गाडीचा खालचा सांगाडा) नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच, चिंधीने ग्रीस पुसून, स्वतः वाचा. एक आकडा जरी जुळला नाही तरी पुढचा खर्च पाण्यात. बँकेचा बोजा उतरलाय का, फिटनेस कधी संपलं, टॅक्स थकलाय का, हेही त्याच दिवशी बघून घ्या. मग काय काय बदलायचंय ते कागदावर लिहून आरटीओत विचारून या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे आरसीतल्या नोंदींशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. उघड्या हौद्यावर बंद बॉडी चढवायची किंवा इंजिन दुसरं बसवायचं तर परवानगी आधी.

जागा कोब्याची हवी, मातीत जॅक रुततो. गाडी उचलून टेकवायच्या चार लोखंडी घोड्या विकत घ्या नाहीतर मागून आणा. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवून खाली सरपटणाऱ्यांत एकदा मीही होतो, पुन्हा नाही. काम दिवाळीनंतर काढा, कारण उघडा पत्रा जूनमध्ये एका रात्रीत तांबूस होतो.

विकणाऱ्याला एक प्रश्न विचारायला विसरू नका: गाडीत काय वाहायचात? मासळी किंवा खत वाहिलेल्या गाडीचा हौदा वरून रंगवलेला असला तरी आतून खाल्लेला असतो. केबिनमधलं रबरी मॅट उचला, चाकांवरच्या पत्र्याच्या कडा चाचपा, मग छोटी हातोडी घेऊन चासीवर पुढून मागे ठोकत जा. शाबूत पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भद्द बोलतो. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. आत गेलं तर तेवढा भाग कापून नवा वेल्ड करायचा, लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरायची नाही. लांबीखालचा गंज पहिल्या पावसाळ्यातच फुगून वर येतो आणि पेंटरला शिव्या बसतात. रंगाचे पैसे वेगळे काढून ठेवा, ते काम सगळ्यात शेवटी.

खोललेले नट-बोल्ट ठेवायला श्रीखंडाचे रिकामे डबे शेजारपाजारून गोळा करा. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, त्यावर मार्करने ‘मागचा डावा पाटा’ (पाटा म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग), ‘रेडिएटर’ असं लिहा, आणि खोलण्याआधी मोबाइलवर फोटो. माझ्याकडे अजून सात बोल्ट उरलेत, कुठले ते देवाला ठाऊक.

इंजिन सीटखाली. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, फार घाबरण्यासारखं नाही. टायमिंग बेल्ट मात्र चांगला दिसला तरी नवाच आणून ठेवा, सोबत पाटे बसवायचे सुटे भाग: बुश, शॅकल पिना, यू-बोल्ट. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्यात जुना भाग सोबत नेऊन नवा ताडून घ्यावा. जादा पाटा टाकून माल वाढवायचा सल्ला मिळेलच; ब्रेक आणि चासी मूळच्याच वजनासाठी बनवलेत, हे सल्ला देणाऱ्याला सांगा. जादा लाइट लावायचे तर रिले आणि फ्यूजसकट. ब्रेक ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

वेल्डिंगवाला येण्याच्या आदल्या दिवशी बॅटरी काढा, डिझेलची टाकी उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवा आणि वाळूची बादली गाडीजवळ.