गोंडवाना विद्यापीठात शिकायचं आहे ना? मग पाऊस लागायच्या आधी ही कामं उरकून घ्या

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं भामरागड तुटते. आलापल्लीकडून येणारी एसटी बंद, लाइट गेली, टॉवर गेला, आणि नेमकं त्याच जुलै-ऑगस्टमध्ये ॲडमिशनची यादी, होस्टेलचा फॉर्म, स्कॉलरशिपची तारीख असं सगळं एकावर एक येते. म्हणून आधीच सांगतो, बारावीचा पेपर संपला की निकालाची वाट पाहत बसू नका, एप्रिल-मे मध्येच कागदाच्या मागे लागा. मी स्वतः एटापल्लीकडचा, याच विद्यापीठातून शिकलो, आणि आता दरवर्षी गावातल्या आणि नात्यातल्या पोरापोरींचे फॉर्म भरून देतो, त्यात जे जे अडलं ते सगळं इथे लिहून ठेवतोय.

आधी हे विद्यापीठ आपल्यासाठी काय आहे ते थोडक्यात. २७ सप्टेंबर २०११ ला नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून गोंडवाना विद्यापीठ झालं, मुख्यालय गडचिरोलीला. त्याआधी आपलं सगळं नागपूरला होतं, १९२३ चं जुनं विद्यापीठ, पण आपल्यापासून लांब. माझा चुलतभाऊ एका मार्कशीटमधल्या दुरुस्तीसाठी नागपूरला गेला होता, जायला एक दिवस, तिथे मुक्काम, साहेब सुट्टीवर, परत यायला एक दिवस, आणि काम झालं नाही ते नाहीच. पुढच्या वर्षी त्याने शिक्षण सोडलं. तो हुशार होता हो, आमच्या घरात सगळ्यात हुशार. त्यामुळे गडचिरोलीत विद्यापीठ असणं म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. तरीपण सिरोंच्याच्या पोरासाठी गडचिरोली अजूनही दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे हे विसरू नका, म्हणून एका चकरेत जास्तीत जास्त कामं कशी होतील हे पाहायचं.

पहिली गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. बीए, बीकॉम, बीएससीची ॲडमिशन विद्यापीठात नाही, कॉलेजात होते. तुमचं कॉलेज अहेरीला असो, ब्रह्मपुरीला असो की राजुऱ्याला, ते विद्यापीठाशी जोडलेलं असते, शिकवणार कॉलेज, परीक्षा आणि डिग्री विद्यापीठाची. एमए, एमएस्सी वगैरेसाठी मात्र विद्यापीठाचे स्वतःचे विभागही आहेत. दरवर्षी एखादं तरी पोरगं बापाला घेऊन थेट गडचिरोलीत कॉम्प्लेक्स भागात विद्यापीठाच्या गेटवर येते आणि तिथून त्याला परत तालुक्याच्या कॉलेजात जावं लागते, दोघांचं भाडं आणि बापाची दोन दिवसांची मजुरी गेली. आधी कॉलेजात जा, तिथल्या ऑफिसमध्ये विचारा, तिथे होत नसेल तरच पुढे.

आता कागद. टीसी, दहावी-बारावीची मार्कशीट, आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, बँक पासबुक, रेशनकार्ड, फोटो, आणि मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. ही यादी सगळ्यांना पाठ असते, अडते ते नावात. माझंच सांगतो. मडावी हे आडनाव इंग्रजीत लिहिताना दहावीच्या मार्कशीटवर व्ही होता आणि आधारवर डब्ल्यू, एवढंच, एक अक्षर. स्कॉलरशिपचा फॉर्म अडकला, मला कळलं तेव्हा डिसेंबर उजाडला होता, आधार दुरुस्त करायला तीन चकरा झाल्या आणि त्या वर्षीचा एक हप्ता गेला तो गेलाच. तेव्हापासून मी कोणाचाही फॉर्म भरायला बसलो की सगळे कागद आधी जमिनीवर ओळीने मांडतो आणि पेन्सिलीने एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचतो, पोराचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख. तुम्हीपण हेच करा. दहावीची मार्कशीट हा पाया समजा आणि बाकी सगळं तिच्यासारखं करून घ्या, कारण बोर्डाचं रेकॉर्ड बदलणं सगळ्यात अवघड, आधार त्यामानाने सोपं.

सिरोंचाकडची काही पोरं नदीपलीकडे तेलंगणात इंटर (म्हणजे बारावी) करून येतात, कोरचीकडची काही छत्तीसगडमधून बारावी करतात. तुम्ही दुसऱ्या बोर्डाचे असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागते आणि एलिजिबिलिटीचा फॉर्म भरावा लागतो, तो राहिला तर पुढे परीक्षेच्या वेळी गाडी अडते. मायग्रेशन त्या बोर्डाकडून यायला वेळ लागतो, म्हणून निकाल लागला त्याच आठवड्यात अर्ज करा.

जात पडताळणीबद्दल जरा जास्त लिहितो कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त पोरं इथे हरतात. साध्या बीएला कदाचित कोणी लगेच मागणार नाही, म्हणून सगळे पुढे ढकलतात, आणि मग बीएड, लॉ, एमबीएला राखीव जागेवर नंबर लागला की धावपळ. अकरावी-बारावीत असतानाच अर्ज टाका, कॉलेजचं पत्र लागते ते तेव्हा सहज भेटते. आदिवासी असाल तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा शोधायचा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. आता आजोबा शाळेतच गेले नाहीत तर दाखल-खारीजचा, म्हणजे शाळेच्या जुन्या रजिस्टरचा उतारा कुठून आणणार? मग कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीची) नक्कल काढा, जुना सातबारा, अधिकार अभिलेख बघा, आजोबांचा नसेल तर त्यांच्या सख्ख्या भावाचा चालतो, वंशावळ नीट जोडायची फक्त. आणि एक, त्या कागदावर जिल्हा चांदा लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत आणि गडचिरोली जिल्हा तर २६ ऑगस्ट १९८२ ला झाला, त्यामुळे तालुका सिरोंचा जिल्हा चांदा हे बरोबरच आहे. एका पोरीचा कागद तिच्या घरच्यांनी याच कारणाने चुकीचा म्हणून बाजूला ठेवला होता, वर्षभर पेटीत पडून होता, आणि तोच तिचा सगळ्यात पक्का पुरावा निघाला.

पैशाचं बघू. स्कॉलरशिप महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर भरायची, एससी-एसटीला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत. फॉर्म दरवर्षी नव्याने रिन्यू करावा लागतो, पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं असं नाही. बँक खातं आधारशी लिंक असून भागत नाही, त्याच खात्यात डीबीटीचे (सरकारकडून थेट येणारे) पैसे येतील असं बँकेत जाऊन करून घ्यायचं, नाहीतर पैसे कोणत्या तरी जुन्या खात्यात जातात, जे शाळेत असताना काढलं आणि आता बंद पडलं. आणि फॉर्म सबमिट केला की काम संपत नाही, तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून पुढे विभागाकडे. दर पंधरा दिवसांनी स्टेटस बघा, परत आला असेल तर कारण लिहिलेलं असते.

राहायचं म्हणाल तर आदिवासी विकास विभागाचं किंवा समाजकल्याणचं होस्टेल पहिलं. तिथे नंबर नाही लागला तर घरी बसू नका, आदिवासी मुलामुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, एससी आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, यात खोली आणि जेवणाचे पैसे खात्यात येतात. पण पैसे उशिरा येतात हे धरून चला, पहिले तीन-चार महिने घरून किंवा कामातून भागवायची तयारी ठेवा. रोज जाऊन येऊन करणार असाल तर एसटीचा विद्यार्थी पास काढा, मासिक पासवर दोन तृतीयांश सवलत आहे, पोरींना पासशिवायही अर्धं तिकीट लागतेच.

ॲडमिशन झाली की त्याच आठवड्यात डिजिलॉकरवरून एबीसी आयडी (ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर) काढा, तुमचे क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे गुणांक, त्यातच जमा होतात. नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडच्या कॉलेजांना २०२४-२५ पासून लागू झालं, वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांची डिग्री १२० ते १३२ ची, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मध्येच सोडावं लागलं तरी पहिल्या वर्षानंतर ४ क्रेडिटचा जास्तीचा कोर्स करून सर्टिफिकेट घेता येते आणि तीन वर्षांच्या आत परत येता येते. हे मी मुद्दाम पोरींना सांगतो. घरी कोणी आजारी पडलं, लग्न ठरलं, तर नुसतं कॉलेजात जायचं बंद करू नका, कॉलेजात जाऊन रीतसर लिहून द्या आणि सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परत यायचा दरवाजा उघडा राहतो.

परीक्षेचं लवकर सांगतो. हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन परीक्षा, प्रत्येक वेळी फॉर्म वेगळा भरायचा, बॅकच्या विषयाचापण भरायचा, कोणी आठवण करून देत नाही. लेट फी वाचवा. गावात नेटवर्क नसेल तर तालुक्याला राहणाऱ्या एका मित्राला ठरवून ठेवा की नोटीस निघाली की फोन कर, फोन नाही लागला तर आमच्या गावाच्या एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दे. आम्ही खरंच असं करायचो आणि चिठ्ठी पोहोचायची. निकालात मार्क कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागा, एखाद्या सरांना दाखवा, मग रिव्हॅल्युएशन टाका, पण मुदत निकालाच्या नोटिशीतच असते आणि ती थोड्या दिवसांची असते.

वर्गात भाषेचं अवघड जाते, ते लपवू नका. घरी माडिया किंवा गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, आणि पुस्तक मात्र पुस्तकी मराठीत. मी पहिलं सहा महिने वर्गात एक शब्द बोललो नाही. मग आम्ही चौघांनी रोज संध्याकाळी जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसायचं ठरवलं, प्रश्न मोठ्याने वाचायचा, त्याचा अर्थ माडियात एकमेकांना सांगायचा आणि मग उत्तर मराठीत लिहायचं. दुसऱ्या सेमिस्टरला फरक पडला. जुन्या प्रश्नपत्रिका कॉलेजच्या लायब्ररीत मागा, असतात.

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जवळचं. आता फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो. बहुतेक जण इंटरनेटवरून काहीतरी उतरवून झेरॉक्सवाल्याकडून बाइंडिंग करून देतात. असं करू नका. आपल्या भागात विषय पायाखाली पडलेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (गावाचा जंगलावरचा हक्क) मिळाला, २०११ मध्ये त्या ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकला, आणि त्यानंतर कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा कारभार स्वतः बघताहेत. तुमच्या गावातपण असेल. मे महिन्यात तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करून मोजतात तिथे, जाऊन बसा. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग, कोणाच्या घरी किती पुडे झाले, पैसे कधी आले, वही कोण लिहिते, अंगठा कोण देते, बायांच्या नावावर पैसे येतात की नवऱ्याच्या. माझ्या आईने वीस वर्षं पुडे बांधले आणि मी प्रोजेक्टसाठी विचारेपर्यंत मला माहीत नव्हतं की पुडा बांधायची साल ती आदल्या संध्याकाळीच भिजवून ठेवते आणि मोजताना दर दहा पानांवर एक पान आडवं ठेवते. तसं वडसा-देसाईगंजकडचे असाल तर झाडीपट्टी नाटकाच्या मंडळीकडे जा, चंद्रपूरकडचे असाल तर कोळसा खाणीला जमीन गेलेल्या घरी जा.

ग्रामसभेची परवानगी आधी घ्या, सभेत उभं राहून सांगा मी काय विचारणार आहे आणि कशासाठी. नंतर प्रोजेक्टची एक जास्तीची कॉपी काढा, तीस-चाळीस रुपयेच जास्त जातील, आणि पुढच्या सभेत ती मोठ्याने वाचून दाखवून ग्रामसभेच्या पेटीत ठेवा. माझी कॉपी अजून आहे तिथे. मागच्या वर्षी तेंदूच्या पैशाचा हिशेब लागत नव्हता तेव्हा अध्यक्षांनी तीच काढून आकडे पाहिले होते.